पत्र्याखाली

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे टेबलावर उलटं टाकलं असशील. मग दोन कामं उरकून, इकडेतिकडे बघून, गुपचूप उघडलं असशील. मला ठाऊक आहे. शाळेत वर्गात फिरणारी दुसऱ्याची चिठ्ठीसुद्धा तू वाचल्याशिवाय फाडत नव्हतीस. म्हणून तर फोन न करता लिहायला बसले. माझा फोन तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर माझ्याच तोंडून शब्द फुटला नसता. फाडायचं तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड, एवढंच मागते. वहिनी म्हणून नाही मागत. वहिनी मी नंतर झाले. त्याआधी एका बाकावर बसून तुझा डबा संपवणारी मी होते, आणि मला या घरात आणलंसही तूच.

आधी इकडची हालहवाल सांगते, म्हणजे हात जरा मोकळा होईल. वादळात झालेल्या टोमॅटोच्या नुकसानीची सरकारी मदत अजून आलेली नाही. पाहणीवाला मोबाइल घेऊन बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, नुकसान झालेलं पीक फोटोत दिसलं पाहिजे. तुझा दादा म्हणाला, “अहो, पीक नदीनं नेलं. ते दिसत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?” त्या माणसाला पटलं, पण त्याच्या मोबाइलला पटेना. शेवटी त्यानं नुसत्या चिखलाचा फोटो काढला, आणि हिवाळ्यात आम्हाला कळलं की आपला खालचा मळा कागदावर पडीक झालाय. त्यावर अर्ज, मग त्या अर्जाचं काय झालं म्हणून दुसरा अर्ज. मका थोडाफार हाती लागला. विहिरीवरचा पंप गाळातून उपसून, धुऊन पुसून चालू केला. आता तो जिना चढून आलेल्या माणसासारखा धापा टाकतो, पण पाणी देतो.

आणि विहिरीजवळची बाबांची शेड पुन्हा उभी राहिली. बघशील तर ओळखणार नाहीस. लोखंडी खांब माणूसभर खोल पुरून वर काँक्रीट ओतलंय. जिथे एका आडव्या अँगलनं भागलं असतं तिथे तीन आहेत. वेल्डर बिचारा निमूट काम करत राहिला, आणि शेवटी न राहवून म्हणाला, “दादा, शेड बांधताय की आगगाडीचा पूल?” सगळे हसले. तुझा दादा नाही हसला, त्यानं आणखी बोल्ट आणायला माणूस पाठवला. शेड होऊन कितीतरी दिवस झाले, तरी गेल्या आठवड्यापर्यंत रोज संध्याकाळी हातपाय धुवायच्या आधी तो शिडी लावायचा, पाना घेऊन वर चढायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक बोल्ट आवळून बघायचा. काल आवळलेला, परवा आवळलेला, सगळे. सुरुवातीला शेजारीपाजारी चेष्टा करायचे. नंतर त्यांनी चेष्टा सोडली, आणि तो शिडीवर दिसला की ते मान दुसरीकडे वळवू लागले. एवढं सगळं केलं, पण त्या शेडमध्ये तो एकदाही टेकला नव्हता. अवजारं आत ठेवायचा आणि उलट पावली बाहेर यायचा.

तुझं मन पाघळावं म्हणून हे सांगत नाही. तुला जे दिसलं त्यावरून तू जे बोललीस ते कुणीही बोललं असतं. पूल पाण्याखाली, तू पलीकडच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढलेली, आणि पाणी चढतच होतं म्हणून आम्हाला थांबता आलं नाही. तू पोचलीस तेव्हा अंत्यसंस्कार उरकले होते. बाबांचं तोंडही तुला दिसलं नाही. तू घरात न येता तशीच चिखल तुडवत विहिरीकडे गेलीस, त्या दुमडलेल्या पत्र्यांच्या ढिगापाशी उभी राहिलीस आणि चारचौघांत म्हणालीस, “दादा, चार बोल्ट आवळायला किती वेळ लागतो रे?” उन्हाळ्यात आली होतीस तेव्हा वाऱ्यानं पत्रा वाजताना तूच ऐकला होतास, आणि तो म्हणाला होता, मका निघाला की बघतो. त्यानं मान वर केली नाही. तू पाणीसुद्धा न पिता निघालीस. जाताना दारात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, “तू तरी लक्ष ठेवायचंस गं.” मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. भिंगरी, तो हात मला आजही माझा वाटत नाही.

आता त्या दुपारचं सांगते. ते सांगायलाच बसले आहे आणि मघापासून टोमॅटो आणि पंप करत वेळ काढतेय.

त्या दिवशी बाबा जेवायला बसले आणि नेहमीसारखा मिठावरून वाद. डॉक्टरांनी मीठ कमी केल्यापासून रोजचा तो कार्यक्रमच होता. “हे जेवण आहे की शिक्षा?” म्हणाले. मी चिमूटभर जास्त वाढलं, तर डोळे बारीक करून म्हणाले, “आज सूनबाईंना काय झालं? भिंगरीचा फोन आला वाटतं, तिनं दम दिला असणार.” मग तुझाच विषय. तू लहानपणी पाण्याच्या टाकीत पडलीस आणि बाहेर काढल्यावर आधी विचारलंस, माझी चप्पल कुठाय. हजारदा ऐकलेलं, पण सांगताना ते स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. जेवून शेडमध्ये गेले. घरात पंखा होता, पण त्यांना तिथेच बरं वाटायचं. ती त्यांची खाट, लोणच्याच्या जुन्या बरण्यांत भरलेले स्क्रू, दुरुस्तीला आलेले गावाचे फवारणी पंप, आणि तो रेडिओ. रेडिओशी ते भांडायचे, आठवतंय ना? बातम्यांत सरकारनं काही जाहीर केलं की इकडून उत्तर. “यांना माझा पत्ता फक्त कर मागायला सापडतो. मी मेल्यावर काही द्यायची वेळ आली तर म्हणतील, साहेब जेवायला गेलेत, उद्या या.”

दुपार कलल्यावर मी चहा घेऊन गेले. हवा अगदी थांबली होती, पानही हलत नव्हतं. रेडिओ चालू होता, त्यावर वादळाचा इशारा देत होते. बाबा खाटेवर उजव्या कुशीवर होते, एक हात गालाखाली. चष्मा काढून छातीशी धरलेला. मी म्हटलं, “बाबा, चहा.” मग परत म्हटलं. मग कप खाली ठेवला आणि हात लावला.

ते गेले होते, भिंगरी. हात गार पडला होता. श्वास नव्हता, मी नाकापाशी चष्म्याची काच धरून बघितली, गळ्यापाशी बोटं धरून बघितली, कान छातीला लावला. तुझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी होते, मला ते कळतं. शेड उभी होती. वर पत्रा जागच्या जागी होता. वारासुद्धा सुटला नव्हता.

चेहऱ्यावर वेदना कुठेच नव्हती. तोंड किंचित उघडं, जेवणानंतर लवंडल्यावर असायचं तसंच. चादरीला सुरकुतीदेखील पडली नव्हती. त्यांना कळलंच नसावं. मी रेडिओ बंद केला. लगेच धावत सुटायला हवं होतं, पण सुटले नाही. खाटेच्या कडेला बसले आणि त्यांचा हात हातात घेऊन रडले. मोठ्यानं नाही, आपल्या घरात आपलं माणूस झोपलंय आणि त्याची झोपमोड होऊ नये तसं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एकदम उजेड कमी झाला, मी बाहेर बघितलं तर आभाळ काळं पडलं होतं. दादा खालच्या मळ्यात होता. तिथे फोन लागत नाही, म्हणून धावले.

बांधापर्यंत पोचले तेव्हा वारा सुटला होता आणि माझा श्वास संपला होता. मी एवढंच म्हणू शकले, “बाबांकडे चला.” त्यानं पुढचं काही विचारलं नाही, माझ्यापुढे धावत सुटला. तिकडून परत येताना ते वादळ आमच्या अंगावर आलं. झाडं मोडल्याचे आवाज, समोरचं दिसेना, मी दोनदा पडले. विहिरीपाशी आलो तर शेड भुईसपाट. एक पत्रा मळ्यात उडालेला, बाकीचे खाटेवर. तुझ्या दादानं ते उघड्या हातांनी उचलायला सुरुवात केली. पत्र्याची धार तळव्यात घुसत होती, तो सोडत नव्हता. “मी आवळायला हवे होते, मी आवळायला हवे होते,” एवढंच चाललं होतं. मी त्याच्या मागे उभी होते. तेव्हाच सांगायचं होतं. ओरडून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तो माणूस शुद्धीत नव्हता, तेवढ्यात लोक धावत आले, कुणी कंदील आणले, कुणी दोर, आणि मी स्वतःशी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी गेल्यावर घर माणसांनी भरलं. मग म्हटलं, सकाळी.

सकाळी ट्रॅक्टरवर बसून दोघं आले, मदत वाटपाचे साहेब आणि सरकारी दवाखान्यातले डॉक्टर. साहेब भला माणूस. तुझा दादा पायरीवर बसला होता, दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली, आणि येईल त्याला सांगत होता की माझ्यामुळे गेले. साहेब माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “ताई, वादळात शेड अंगावर पडून माणूस गेला असेल तर घरच्यांना मदत लवकर मिळते. आजारानं किंवा वयानं गेला असेल तर आमचा नाइलाज असतो. इथे काय झालंय ते उघडच आहे म्हणा.” मी काही बोलले नाही. आत डॉक्टर बाबांवर वाकले होते. तरुण होते, रात्रभर झोपले नसावेत, बोलताना मधेच वाक्य विसरत होते. बाबांच्या कपाळाच्या कडेला पत्र्यानं मोठी चीर पडली होती. पांढरी, कोरडी चीर. त्यांनी ती बघितली, परत बघितली आणि मला विचारलं, “रक्त फारसं नाही आलं का?”

मेलेल्या माणसाला रक्त येत नाही, भिंगरी. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही. आणि माझ्या तोंडून, कुणी पढवून ठेवल्यासारखं, निघालं, “पाऊस केवढा होता डॉक्टर. सगळं धुऊन गेलं.”

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. झालं, एवढंच. मी कुठे खोटी सही केली नाही, कुणाला पैसे चारले नाहीत. दोन वाक्यं बोलले आणि नंतर गप्प राहिले.

का बोलले, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय. गरज होती म्हणावं तर आम्ही उपाशी नव्हतो. मळा वाहून गेला होता, पंप गाळात होता, हे खरं, पण ते सगळ्यांचंच गेलं होतं. मला वाटतं, त्या क्षणी मनात आलं ते इतकंच की बाबा तर गेलेच आहेत, आता खरं सांगून त्यांना काय मिळणार, आणि खोटं सांगून कुणाचं काय जाणार. वर हेही मनात आलं की बाबा असते तर खो खो हसले असते, मला अखेर सरकारकडून काहीतरी मिळालं म्हणून. त्यांच्या विनोदाच्या आड मी लपले. कुणाचं काय जाणार, हे कळायला मग वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी तू आलीस.

तेव्हाही सांगता आलं असतं. तू दादाला बोलत होतीस तेव्हा साहेबांचा माणूस पंप मोजायला तिथेच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. पुढे मला कळलं की ‘मयताच्या मुलीनेही शेड कमकुवत असल्याचे सांगितले’ असं त्यानं कागदावर टिपून घेतलं. तुझं रडणंही मी या कामी वापरू दिलं.

बाबांच्या नावची मदत आली त्या दिवशी दादाच्या मोबाइलवर मेसेज आला. त्यानं वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि ताटावरून उठला. बरेच दिवस त्या पैशाला हात लावला नाही. मग एक दिवस म्हणाला, “बाबांच्या जिवाचे पैसे आहेत, बाबांच्या शेडलाच लागतील.” सगळे तिथेच ओतले. मी त्याला जेवायला हाक मारायची तेव्हा तो वर बोल्ट आवळत असायचा, आणि मी खाली भाकर थापत स्वतःला सांगायची, उद्या. त्याचं अंग खंगलं. दाढी वाढली. माझ्याशी मात्र इतका मऊ बोलायचा, कारण त्याला वाटायचं, मी त्याला एकदाही दोष दिला नाही ही माझी थोरवी. “तू म्हणून माझ्याजवळ राहिलीस,” असं एकदा म्हणाला. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

आता आमच्या दूधवाल्या ताईंचं सांगते. तू त्यांना बघितलंयस, सकाळी सायकलला किटल्या अडकवून येतात, मोठ्यानं बोलतात. वादळ झालं त्याच संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिका निघाली, पुलापर्यंत आली आणि पलीकडच्या काठावर अडकली. वरचा लाल दिवा फिरताना यांच्या खिडकीतून दिसत होता, म्हणतात. तो दिवा दिसत असतानाच माणूस गेला. मदतीचा अर्ज केला तर उत्तर आलं, आजारपण, आपत्तीत बसत नाही. आमचं काम लवकर झालं म्हणून त्या माझ्याकडे आल्या, “तुम्हाला यातलं कळतं, जरा बरोबर चला.” नाही कशी म्हणणार? गेले. कचेरीत कारकुनानं त्यांची फाइल उघडली, मान हलवली आणि माझ्याकडे बोट करून त्यांना समजावलं, “हे बघा, या ताईंचं. सासऱ्यांच्या अंगावर पत्रा पडला. याला म्हणतात आपत्ती. तुमच्या घरी पत्रा पडला का? भिंत पडली का?” त्या नाही म्हणाल्या. बाहेर येऊन आम्ही पायऱ्यांवर बसलो. त्यांनी डोळे पुसले आणि अगदी सरळ मनानं, कुठलाही टोमणा नाही, मला म्हणाल्या, “तुमचे सासरे नशीबवान हो. पत्र्याखाली गेले.”

त्या दिवसापासून मी सकाळी दार उघडायला दुसऱ्या कुणाला पाठवायला लागले. त्यांची सायकल वाजली की मागच्या अंगणात जाऊन उगाच धुतलेलं भांडं पुन्हा घासायची. तरीही सांगितलं नाही. इतकं सगळं असूनही नाही, भिंगरी. माणूस किती दिवस स्वतःला फसवू शकतो याला काही अंत नसतो बहुतेक.

गेल्या आठवड्यात पुन्हा आभाळ भरून आलं. या मोसमातलं पहिलंच वादळ, संध्याकाळच्या आत सगळं काळवंडलं. मी वाळत घातलेले कपडे ओढत होते आणि बघते तर हा शिडी चढतोय. वारा सुटलेला, शिडी हलतेय, आणि हा पत्र्यावर गुडघे टेकून पाना फिरवतोय. मी धावत गेले. “अहो, खाली या!” तर म्हणतो, “एवढी रांग राहिलीय.” वरून विजा. मी शिडीला दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि ओरडून सांगितलं, “बाबा आधीच गेले होते!” त्याला ऐकू आलं नाही. “काय?” म्हणाला. मी परत ओरडले, “पत्रा पडायच्या आधी! झोपेत गेले होते! मी बघितलं होतं!” शेजारच्या अंगणात बाई गुरं बांधत होती, ती थबकून बघायला लागली. इतके महिने जे कानाशी कुजबुजता आलं नाही ते मी साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोंबलून सांगितलं.

तो खाली उतरला. अंगणात पाऊस झोडपत होता, म्हणून आम्ही त्याच शेडमध्ये शिरलो. तो पहिल्यांदाच तिथे खाली बसला. मी तुला आता लिहिलं तसं सगळं सांगितलं, खाट, चष्मा, रेडिओ, डॉक्टर. त्यानं दोनच प्रश्न विचारले. “मला बोलवायला आलीस तेव्हा तुला माहीत होतं?” मी हो म्हटलं. “आणि मी पत्रे उचलत होतो तेव्हा?” मी हो म्हटलं. मग त्यानं स्वतःचे तळवे उलटे केले आणि बघत बसला. मला वाटलं होतं तो मोकळा होईल, रडेल. तसं काही झालं नाही. पाऊस थांबल्यावर उठला आणि म्हणाला, “तू घरी जा.”

तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. मीठ दे, किल्ली कुठाय. अंथरूण शेडमध्ये नेलंय, तिथेच झोपतो. पण एक सांगते, त्याचं घोरणं घरापर्यंत ऐकू येतं. बाबा गेल्यापासून इतक्या दिवसांत तो असा झोपलाच नव्हता. शिडी भिंतीला टेकून पडलीय, तिला हात लावलेला नाही. माझ्यावर रागावून का होईना, तो जेवतो. मी ताट वाढून बाजूला होते.

मी एकटी कचेरीत जाऊन आले. कारकुनाला म्हटलं, मदत परत करायची आहे, चुकीची मिळाली. त्यानं चष्म्यावरून बघितलं. “ताई, मिळाली नाही म्हणून रोज माणसं येतात. परत घ्या म्हणून अजून कुणी आलं नव्हतं. कुठे भरायची, मलाच विचारावं लागेल.” मग म्हणाला, सोमवारी नाकारलेल्या अर्जांची सुनावणी आहे, मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्यापुढे बोला, पण विचार करून बोला, नुसतं परत करून भागेलच असं नाही. मी घरी येऊन तुझ्या दादाला हे सांगितलं. त्यानं नांगरटीचा पॉवर टिलर विकायला गिऱ्हाईक बघितलंय. पैसे तसेच उभे राहतील. दूधवाल्या ताईंनाही मी दारात उभं करून सगळं सांगितलं. त्यांनी रोजचं माप ओतलं, झाकण लावलं आणि विचारलं, “मग आता माझं होईल का?” त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. सोमवारी त्यांचाही अर्ज आहे. मी तिथे उभी राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे की पत्रा अंगावर पडला म्हणून ज्यांच्या नावावर मदत मिळाली ते वादळाच्या आधीच झोपेत गेले होते, आणि जो माणूस वादळानंच मारला त्याला तुम्ही आजारपण म्हणून बाजूला काढलंत. त्याचं पुढे काय होईल, माझं काय होईल, कल्पना नाही. तुझा दादा सोबत येतो म्हणालाय. बाजूला बसेल की नाही, माहीत नाही.

हे सगळं तुला बाहेरून कळायच्या आत माझ्याकडून कळावं, हे एक कारण झालं. पण खरं कारण वेगळं आहे. परवा मी त्याला म्हटलं, आता तरी भिंगरीला फोन करा, तिला सांगा. तो म्हणाला, “मी सांगितलं तर तिला वाटेल, मी स्वतःची सुटका करून घेतोय. आणि बोल्ट मी आवळले नव्हतेच, ते काही खोटं नाही.” तो तुला कधीच सांगणार नाही. तू त्याला दोष देत राहिलीस तरी तो ऐकून घेईल, मान खाली घालून, आयुष्यभर. म्हणून हे पत्र. तुझे बाबा उजव्या कुशीवर, पोटभर जेवून, तुझीच गोष्ट सांगून हसून, शांत झोपेत गेले. हे मी तुझ्यापासून आणि त्याच्यापासून चोरलं होतं, ते परत करतेय. मला माफ कर असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि मला फोन करू नकोस. त्याला कर. अंधार पडायच्या सुमारास तो घराजवळ असतो. फोन उचलल्यावर तो आधी काही बोलणार नाही, बराच वेळ बोलणार नाही. तू ठेवू नकोस.

तुझीच,
आधी मैत्रीण, आणि मग वहिनी